आईशेजारची दोन हात जागा

माचामे, ९ नोव्हेंबर १९९६

नाही म्हणजे नाही, एलिनामी! पान परत पाठवलंय. त्याला चिकटवलेल्या पावतीसकट.

काय वाटलं तुला, इसालेचं पान दारात आलं की नाही म्हणता येत नाही, म्हणून पाठवून द्यायचं? ते मला शिकवू नकोस. मी तुझ्या घरात आले तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, नाकाला शेंबूड. माफीचं पान माणूस घेऊन येतो. चालत येतो, हातात धरून येतो, अंगणात उभा राहतो. तुझं पान तुझ्या बसच्या टपावरून आलं. ड्रायव्हर शायोने ते ट्यूबच्या बंडलाबरोबर खाली टाकलं आणि म्हणाला, "माई, इथे सही करा." वर तुमच्या कंपनीची फीत. फितीवर छापलंय, 'सकाळी दिलं, संध्याकाळी पोचलं.' सात वर्षं झाली रे. कुठली सकाळ आणि कुठली संध्याकाळ!

आणि सोबतची चिठ्ठी! 'वहिनी, दादाला सांग, झालं गेलं विसर आणि आईशेजारी माझ्यासाठी दोन हात जागा ठेव.' जिवंतपणी सात वर्षं अंगणात पाय ठेवला नाहीस आणि मेल्यावरची जागा बुक करतोस? खिडकीजवळची हवी का?

ह्यांनी पान पाहिलेलं नाही. परत पाठवतेय ती मी. ह्यांनी पाहिलं असतं तर बरं झालं नसतं. अजूनही तुझं नाव तोंडात घेत नाहीत. बोलायची वेळ आलीच तर 'तो गाडीवाला' म्हणतात. परवा वरून तुझी गाडी गेली, हॉर्न वाजला, तर हे कॉफीच्या झाडांना म्हणाले, "गेला गाडीवाला." गाडीत तू नव्हतास हे त्यांनाही माहीत होतं.

बुलडोझर काय मी आणला होता? की ह्यांनी? आई जाऊन वर्ष झालं, तर तुला हौस आली की आईच्या नावाची बस थेट अंगणात उभी राहिली पाहिजे. त्यासाठी रस्ता. रस्त्यासाठी बुलडोझर. आणि बुलडोझरने काय उपटलं? बाबांनी स्वतःच्या हाताने लावलेली इसालेची ओळ, आई-बाबांच्या उशाची. चौतीस गाड्यांवर आईचं नाव रंगवलंस, आणि आईच्या डोक्याशी होतं ते एवढंसं हिरवं ठेवलं नाहीस.

केळ्यांचा घड पाठवतेय. तो मात्र पार्सलने. केळ्यांना मान-अपमान नसतो.

तुझी वहिनी,
आयकांडे


दारेसलाम, १५ नोव्हेंबर १९९६

वहिनी,

केळी मिळाली. पान पण मिळालं, जरा वाळलंय. माझ्या ऑफिसातल्या पोरीने ते फुलदाणीत ठेवलं होतं, इकडे लोक शोभेला लावतात ना. मी ओरडलो, तर म्हणाली, "साहेब, गवतच आहे की." किनाऱ्यावरच्या माणसाला काय सांगणार?

तेच झालं होतं ग तेव्हाही. बुलडोझरवाला इकडचाच, किनाऱ्यावरचा. त्याला काय माहीत इसाले म्हणजे काय, की आपल्याकडे वाट्याची हद्दही तीच आणि थडग्याची खूणही तीच. त्याला ते कुंपण वाटलं. मी तिकडे वरच्या अंगाला रस्त्याच्या समारंभाला आलेल्या साहेबलोकांना बकऱ्याचं मटण वाढत होतो. वळून बघतो तर झालेलं. ड्रायव्हरची चूक. मालक म्हणून ती माझी, मान्य. पण त्यावरून सख्खा भाऊ सात वर्षं तोंड फिरवतो?

मी काय मजा म्हणून घर सोडलं होतं? आपल्याकडचं तुला पाठ आहे. थोरल्याला बाग, धाकट्याला घर. मधल्याला रस्ता. धाकटा म्वान्झाला मास्तर, घराला कुलूप, तरी घर त्याचंच. ठीक. मी रस्ता घेतला. डोक्यावर केळी घेऊन मोशीच्या स्टँडवर उभा राहिलो. मग ज्या गाडीच्या दाराला लोंबकळत 'चला चला' ओरडायचो, ती भंगारात निघाली तेव्हा मीच घेतली. आज गाद्यांचा कारखाना आहे, बादल्यांचा आहे. आपल्यातलं लग्न झालं की नवरानवरीची गादी माझी. आणि आपल्यातलं कुणी इथे गेलं की डोंगरावर घरी नेणारी गाडी माझी. मयताचं भाडं मी घेत नाही, कधीच घेतलेलं नाही. ज्याला त्याला आपापल्या केळीच्या बागेत पोचवलंय. परवा एका बाईला पोचवलं, तर तिचा मुलगा रडत म्हणाला, "मालक, देव तुमचं भलं करो, आई घरी पोचली."

तेव्हा डोक्यात आलं, मला कुठे उतरवणार? गाडी माझी, डिझेल माझं, आणि स्टॉप नाही.

म्हणून पान पाठवलं. पार्सलचं चुकलं. पुढच्या रविवारी मी स्वतः येतो. गाडी खाली चर्चपाशी ठेवेन, तिथून चालत. दादाला सांगू नकोस. सांगितलंस तर तो सकाळीच पाटाचं पाणी वळवायला निघून जाईल आणि दिवसभर पाणी वळतच राहील.

एलिनामी


माचामे, २९ नोव्हेंबर १९९६

एलिनामी,

नीट पोचलास ना? तुला त्या उतारावर जाताना मी वळणापर्यंत बघत होते. तीनदा थांबलास. मी मोजलं. चढताना किती वेळा थांबलास ते देवालाच ठाऊक. कोट पण ढगळ झालाय तुला. कुणी शिवला, की तूच त्यात कमी पडायला लागलास?

आता रडगाणं गाऊ नकोस. 'दादाने माझा अपमान केला' असं तू शायोजवळ बोललास म्हणे. कसला अपमान? मी तिथेच होते, मडक्यात केळ्याची बीअर ढवळत. तू अंगणात उभा राहिलास, पान पुढे केलंस, गाठ मारलेलं, अगदी रीतीने. ह्यांनी काय केलं? उठले. दोन्ही हातांनी पान घेतलं. सात वर्षांचा राग असलेला माणूस दोन हातांनी घेतो का? अरे, मला वाटलं झालं! मी पळी खाली ठेवली, बकरा कुठला कापायचा तेही ठरवलं मनात.

मग ह्यांनी एकच प्रश्न विचारला तुला. एकच. "कशाची माफी?"

आणि तू काय म्हणालास? "ड्रायव्हरच्या चुकीची."

बस्स. ह्यांनी पान खुंटीवर ठेवलं, फावडं घेतलं आणि गेले. तू तीन तास स्टुलावर बसलास, दोन भांडी बीअर नुसती हातात धरून. प्यायला नाहीस. तेही मी पाहिलं.

संध्याकाळी मी भांडले ह्यांच्याशी. म्हटलं, "भाऊ चालत आला, अजून काय पाहिजे?" तर म्हणाले, "ड्रायव्हरला माफ करायचं तर ड्रायव्हर येऊ दे की. तो कशाला आला?"

मला काही कळलं नाही. तुला कळतंय का, तू बघ. तुम्हा दोघा भावांचं काहीतरी आहे जे मला पन्नास वर्षांत सांगितलेलं नाही. सांगू नका. मी आपली बीअर ढवळते.

पण एक मात्र सांग. शायो म्हणतो, साहेब दर मंगळवारी हॉस्पिटलात जातात आणि आम्हाला सांगतात बँकेत गेलो. शायोला ओरडू नकोस, मीच त्याला गरम रश्श्याची थाळी वाढून बोलतं केलं. काय झालंय?

वहिनी


दारेसलाम, ४ डिसेंबर १९९६

वहिनी,

हे पत्र दादाला वाचून दाखव. सगळं. मधेच गाळू नकोस, तुला गाळायची सवय आहे. आई आजारी असताना तिला माझी पत्रं वाचून दाखवायचीस तेव्हा माझ्या थापा गाळायचीस, मला माहीत आहे.

आधी हॉस्पिटलचं, म्हणजे ते संपेल. पोटात गाठ आहे. लिंबाएवढी होती, आता आंब्याकडे चाललीय. सतराला ऑपरेशन. चांगली आहे की वाईट ते कापल्यावर कळेल असं डॉक्टर म्हणतो. मी म्हटलं, "डॉक्टर, मी गाड्यांच्या धंद्यातला आहे. बॉनेट उघडल्याशिवाय कुठलाच मेकॅनिक काही सांगत नाही, पण सांगताना त्याचं तोंड बघून मला कळतं." त्याने तोंड फिरवलं. म्हणजे नाहीच कळलं.

आता दुसरं.

दादा, मी बघत होतो.

मटण वाढत नव्हतो. वाढून झालं होतं. मी बाबांनी बसायला ठेवलेल्या दगडापाशी उभा होतो. बुलडोझर ओळीपासून दहा पावलांवर आला तेव्हा ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिलं. किनाऱ्यावरचा असला तरी अडाणी नव्हता. थांबला होता तो. विचारत होता. मी हात वर केला असता तर पुरे होतं.

मी हात वर केला नाही.

का, ते सात वर्षं मलाच विचारतोय. त्या दिवशी सगळे साहेब माझं कौतुक करत होते, मुनिसी मालक असे आणि मुनिसी मालक तसे. आणि मी त्या ओळीकडे बघत होतो. ओळीच्या आत तुझं. बाहेर मी. बाबांनी ती लावली तेव्हा पाणी मी आणलं होतं, पाटावरून, भोपळ्याच्या भांड्यातून, सोळा खेपा. पाणी घालायला मी चाललो, वाटा करताना नाही. वाटलं, जाऊ दे ना. एकदा तरी बाबांची रेघ पुसू दे. एवढंच. एका श्वासाएवढा वेळ. मग ती उपटली गेली आणि मुळांना चिकटलेली माती पाहिली. आईच्या उशाची पण होती हे तेव्हा आठवलं. खरंच तेव्हा आठवलं.

मग मी ड्रायव्हरवर ओरडलो. सगळ्यांसमोर. त्याने ऐकून घेतलं. त्याला नंतर मी माझ्याकडे नोकरी दिली, अजून आहे. मी समोर आलो की तो खाली बघतो. खाली मी बघायला पाहिजे.

ही माफी कशाची ते आता सांगितलं. पान तुझ्याकडे आहेच, खुंटीवर.

जागा नाही दिलीस तरी चालेल. म्हणजे चालणार नाही. पण मी विचारणार नाही.

एलिनामी


माचामे, ९ डिसेंबर १९९६

एलिनामी,

वाचलं. सगळं वाचलं, गाळलं नाही. मी मधेमधे अडखळत होते, तर हे म्हणाले, "नीट वाच, चर्चमध्ये वाचतेस तसं." 'मी हात वर केला नाही' ही ओळ ह्यांनी दोनदा वाचायला लावली. मग उठून बाहेर गेले. जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटेच फावडं घेऊन बाहेर पडले. दुपारी मी विचारलं, "अहो, भाऊ मरायला टेकलाय. काहीतरी कळवू का?" म्हणाले, "सतरा तारीख होऊ दे."

मला इतका राग आला. इतका! सतरा तारीख झाल्यावर काय, मयताला पान देणार? मी म्हटलंसुद्धा. तर मलाच म्हणाले, "चुलीकडे बघ, दूध उतू जातंय." दूध नव्हतंच चुलीवर.

मी तुला खोटा धीर देणार नाही. माणूस दगड आहे. मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करते, मोठ्याने करते, ह्यांना ऐकू जावी म्हणून.

वहिनी

(पाकिटाच्या मागे, पेन्सिलने, वेगळ्या अक्षरात:)
साहेब, मी शायो. हे माईंना कळता कामा नये. तुमचे दादा चार दिवस झाले रोज डोंगर उतरून मोशीच्या स्टँडवर येतात. चालत. माझी गाडी लागली की विचारतात, "गाडीवाला कसा आहे?" मी म्हणतो, बरे आहेत. म्हणतात, "जेवतो का?" मी म्हणतो, थोडं. मग म्हणतात, "मी विचारलं म्हणून सांगायचं नाही." आणि चालत वर जातात. मी म्हटलं, म्हातारबा, वरपर्यंत सोडतो, तर म्हणाले, "तुझ्या गाडीत नाही बसणार." मी सांगितलं असं सांगू नका.


दारेसलाम, १६ डिसेंबर १९९६

वहिनी,

उद्या आहे. काही खायचं नाही म्हणून सांगितलंय, आणि नेमका आज कुणीतरी खाली कॅन्टीनमध्ये केळी शिजवतंय. वास वरपर्यंत येतोय.

दादाशी भांडू नकोस. तुझ्या पत्राच्या पाकिटावर काय होतं ते मी तुला सांगणार नाही. वचन मोडतं कुणाचं तरी. पण मला काल रात्री झोप लागली. सात वर्षांत पहिल्यांदा लागली म्हटलं तरी चालेल.

उद्यापासून नाताळाच्या जादा गाड्या सोडतोय. सगळ्या वर जाणार, भरभरून. टपावर गाद्या, बादल्या, शिवणयंत्रं, साखरेची पोती. नाताळात दारेसलाममध्ये आपल्यातलं कुणी उरत नाही. या वर्षी एकटा मी उरणार. माझ्याच चौतीस गाड्यांनी सगळ्यांना घरी नेलं आणि मालक स्टँडवर राहिला, असं दादाला सांग. हसेल.

एलिनामी


तार. दारेसलामहून. २१ डिसेंबर १९९६

गाठ साधी निघाली. जिवंत आहे. भूक लागली. एलिनामी


माचामे, २४ डिसेंबर १९९६

एलिनामी,

घाईत लिहितेय. स्टँडवर बसून, मांडीवर टोपली, टोपलीवर कागद. अक्षर वाकडं आलं तर टोपलीला बोल.

तुझी तार आली तेव्हा हे कोंबड्यांना दाणे टाकत होते. मी अंगणातूनच ओरडले, "साधी निघाली! साधी!" ह्यांनी अख्खी पाटी ओतली कोंबड्यांपुढे. आठवड्याचे दाणे एका दिवसात खाऊन त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. हे पण खाली बसले. मला वाटलं चक्कर आली. जवळ गेले तर म्हातारा रडतोय. पन्नास वर्षं संसार केला, बाप गेला तेव्हा पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हा पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, "एवढं होतं तर आधी का नाही बोललात?" तर काय म्हणाले सांगू? म्हणाले, "मरणाऱ्याला कुणीही माफ करतं ग. त्यात काय? तो पण समजला असता, दादाला कीव आली. मला तो जिवंत पाहिजे होता. जिवंत राहिला तरच माफ करणार होतो." मी म्हटलं, "आणि गेला असता तर?" त्यावर रिकामी पाटी उपडी करून झटकत बसले. मग मीही विचारलं नाही.

ह्यांनीही तुला पाहिलं होतं रे. त्या दिवशी. केळीआडून. तुझे हात खिशात होते, तेही सांगितलं. सात वर्षं वाट बघत होते, तू सांगतोस का म्हणून.

आणि नंतर मला हाताला धरून घेऊन गेले, आईच्या पलीकडे, उजव्या अंगाला. मी तिकडे रोज गवत कापते, पण डोकं खाली घालून कापते, कधी मोजलं नाही. सात इसाले आहेत. माझ्या खांद्याएवढी. म्हणाले, "उपटलेलीच आहेत. त्याच आठवड्यात लावली. मरत नाहीत ती, कुठेही खुपसली तरी जगतात." मी विचारलं, "कुणासाठी?" म्हणाले, "गाडीवाल्यासाठी."

अंतर पायाने मोजलंय. दोन हात नाही, चांगली ऐसपैस आहे. ह्यांचा अंदाज तुझ्या जुन्या पोटावरून होता. अट एकच, इतक्यात वापरायची नाही.

आता ऐक, उत्तर देत बसू नकोस, वेळ नाही. आम्ही तुझ्याच गाडीत बसतोय. हो, हे पण. सगळे वर येतायत आणि आम्ही दोघंच उलटे खाली. शायोची गाडी मोकळीच आहे, आम्ही, एक पाद्री आणि दोन कोंबड्या. शायो म्हणाला, "म्हातारबा, मालकाच्या भावाकडून तिकीट कसं घेऊ?" तर ह्यांनी त्याला असं पाहिलं की त्याने गपचूप फाडलं.

ह्यांच्या हातात पान आहे. तुझं नाही. ते खुंटीवर आहे, ते स्वीकारलं गेलं, विषय संपला. हे दुसरं. त्या सात झाडांतल्या एकाचं, आज पहाटे तोडलं, गाठ ह्यांनीच मारली. मी म्हटलं, "तुमची कसली माफी?" म्हणाले, "सोळा खेपा पाणी आणणारं पोर मी पण पाहिलं होतं. वाटे झाले तेव्हा गप्प बसलो." मी म्हटलं, मांडीवर ठेवा, दहा तासांचा प्रवास आहे. नाही म्हणाले. हातातच धरायचं असतं.

हे पत्र शायोकडे देतेय, पार्सलात. पत्र आणि मी एकाच गाडीत. आधी कोण पोचतं ते तूच बघ. रस्सा करून ठेवू नकोस, टोपलीत आहे. फाटकाला कुत्रा असेल तर बांध. आणि दादाला बघून काही बोलू नकोस, आधी त्यांना बोलू दे, त्यांनी वाटेत पाठ करायचं ठरव— हॉर्न देतोय मेला शायो. हे केव्हाचे बसलेत, खिडकीजवळ. चल, निघाले.